रोजच्या डिर्न्डलच्या घागऱ्याला चुण्या घालताना

डिर्न्डल म्हणजे बव्हेरिया (दक्षिण जर्मनी) आणि ऑस्ट्रियातला चोळी, चुणीदार घागरा आणि एप्रन असा बायकांचा पोशाख. त्याची चोळी अंगाबरोबर बसवणं तसं जमतं. बिघडतो तो बहुधा कमरेचा जोड. रोजच्या वापरासाठी सुती कापड घ्या आणि आधी धुऊन आटवा. घेर अडीच मीटर पुरे, जाड कापडाला त्याहून कमी, नाहीतर कमरेवर वळकटी येते. वरच्या कडेपासून 5 आणि 15 मिलिमीटरवर लांब टाक्यांच्या दोन समांतर शिलाया घाला. घेराचे आणि कमरेचे चार-चार समान भाग खुणेने जुळवून मगच दोरे ओढा. एकाच शिलाईवर चुण्या तिरक्या पडतात. पक्की शिलाई दोन्हींच्या मधून, 10 मिलिमीटरवर. 15 मिलिमीटरवरच्या शिलाईचा दोरा नंतर काढा. चोळीचं अस्तर आतून हातानेच टाचा, पुढे उसवायला सोपं. एप्रन घागऱ्यापेक्षा 2-3 सेंटीमीटर आखूड.