कर्नल अद्ययावत केल्यावर नेटवर्क कार्ड बंद पडले तर

नागपुरातील महाल भागातल्या एका अभ्यासिकेचे संगणक मी सांभाळतो. सगळे डेबियन या लिनक्स प्रणालीवर चालतात आणि स्पर्धा परीक्षांचे अर्ज मुले त्यांवरूनच भरतात. मे महिन्यात कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, अद्ययावत केल्यावर एका संगणकाचे नेटवर्क गेले. उन्हाने कार्ड जळाले असेच सर्वांना वाटले आणि नवे आणायला सीताबर्डीला निघायची तयारीही झाली. पण कार्ड शाबूत होते, अडचण ड्रायव्हरची, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची होती.

आधी केबल दुसऱ्या संगणकाला लावून ती ठीक असल्याची खात्री करावी. मग टर्मिनलवर 'एलएसपीसीआय -एनएनके' ही आज्ञा द्यावी. यादीत इथरनेट कंट्रोलरची ओळ दिसली, तर यंत्रणेला कार्ड सापडले आहे. आमच्याकडे ती होती. तिच्याखाली 'कर्नल मॉड्यूल्स'पुढे 'आर८१६९' हे ड्रायव्हरचे नावही होते, मात्र 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळच नव्हती. म्हणजे ड्रायव्हर डिस्कवर आहे, पण तो कार्डाचा ताबा घेत नाही.

कारण जुने निघाले. या रिअलटेक कार्डासाठी पूर्वी कोणीतरी 'आर८१६८-डीकेएमएस' हे पॅकेज बसवले होते. ते कर्नलसोबत येणाऱ्या आर८१६९ ला बाजूला सारते आणि प्रत्येक नव्या कर्नलसाठी स्वतःचे मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हर, नव्याने बांधते. या वेळी त्या बांधणीला लागणाऱ्या फाइली, म्हणजे कर्नल हेडर्स, नसल्याने ते बांधले गेले नाही, त्यामुळे कार्डाला एकही ड्रायव्हर उरला नाही. 'डीकेएमएस स्टेटस' या आज्ञेने हे लगेच कळते.

माझ्या मते कर्नलचा स्वतःचा ड्रायव्हर नीट चालत असेल, तर बाहेरचा ठेवूच नये. 'सुडो एपीटी पर्ज आर८१६८-डीकेएमएस' असे लिहून पॅकेज काढावे. येथे 'रिमूव्ह' पुरत नाही, कारण आर८१६९ ला बाजूला सारणारी सेटिंगची फाइल 'मॉडप्रोब.डी' या फोल्डरमध्ये तशीच राहते. पुढे संगणक सुरू होताना लागणारी फाइल नव्याने बनवायला 'सुडो अपडेट-इनिटरामएफएस -यू' आणि शेवटी ड्रायव्हर चालू करायला 'सुडो मॉडप्रोब आर८१६९' चालवावे.

तरीही जोडणी तुटत राहिली, तर 'सुडो डीएमईएसजी' या आज्ञेने कर्नलच्या नोंदी वाचाव्यात. त्यात फर्मवेअर (कार्डाच्या आत चालणारे सॉफ्टवेअर) न सापडल्याची तक्रार असेल, तर 'फर्मवेअर-रिअलटेक' बसवावे. डेबियन १२ पासून ते 'नॉन-फ्री-फर्मवेअर' विभागात मिळते. त्यासाठी मोबाइल यूएसबीने जोडून त्याचे इंटरनेट वापरता येते.

संगणक पुन्हा सुरू करून, दुसऱ्या संगणकावरून एखादी मोठी फाइल ओढून घ्यावी आणि 'आयपी -एस लिंक'मधील 'एरर्स'चा आकडा पाहावा. तो वाढत असेल, तर ड्रायव्हर सोडून केबलचे टोक पुन्हा क्रिम्प करावे, म्हणजे त्याला नवा कनेक्टर दाबून बसवावा.