फातोर्ड्याची मॅच आणि टॉवरचा वेळ: ब्रॉडकास्टसाठी सबफ्रेम कशा वाटायच्या

स्टेडियममधे हजारो फोन एकाच गोलचा रिप्ले बघतायत, मग तो हजारो वेळा पाठवायचा कशाला, एकदाच हवेत सोडा आणि ज्याला हवा तो घेईल, ही ईएमबीएमएसची (४जी म्हणजे एलटीई नेटवर्कवरून ब्रॉडकास्ट करायच्या पद्धतीची) कल्पना सगळ्यांना लगेच पटते. प्रोजेक्टवाली पोरं अडकतात ती पुढे, टॉवरचा नेमका किती वेळ यासाठी बाजूला काढायचा तिथे. बहुतेकजण डोळे मिटून "साठ टक्के देऊन टाकू" म्हणतात आणि मग साधं व्हॉट्सॲप चालेना म्हणून पब्लिक बोंबलते. तर बसून हिशोब करूया. समजा गोव्यातल्या फातोर्ड्याच्या मैदानावर फुटबॉल मॅच आहे, १० मेगाहर्ट्झचा एफडीडी एलटीई कॅरिअर (पाठवायची आणि घ्यायची फ्रिक्वेन्सी वेगवेगळी), तीन कॅमेऱ्यांचे व्हिडिओ प्रत्येकी १.२ एमबीपीएस, आणि कोकणी-मराठी कॉमेंट्रीचे दोन ऑडिओ प्रत्येकी ४८ केबीपीएस.

आधी काय हातात आहे ते बघा. १० मिलिसेकंदांची एक फ्रेम, त्यात ० ते ९ अशा दहा सबफ्रेम. एफडीडीमधे ०, ४, ५, ९ ला हात लावायचा नाही, तिथे सिंक सिग्नल, सिस्टीम माहिती आणि पेजिंग असतं. उरल्या १, २, ३, ६, ७, ८, म्हणून कमाल ६० टक्के. (टीडीडीत, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवर आळीपाळीने पाठवतात-घेतात तिथे, ही यादी वेगळी आहे, तिथली कॉन्फिग इथे चिकटवू नका.) ब्रॉडकास्टला दिलेल्या सबफ्रेममधेसुद्धा पहिली एकदोन सिम्बॉल (सबफ्रेममधले वेळेचे छोटे तुकडे) कंट्रोलची राहतात, त्यामुळे अपलोडच्या परवानग्या चालू असतात, फोन मुके होत नाहीत.

आता स्पीड ठरवायचा, म्हणजे एमसीएस, एका सबफ्रेममधे किती बिट्स कोंबायचे त्याचा नंबर; नंबर लहान तितके बिट्स कमी पण दणकट. साध्या ट्रॅफिकमधे फोन सांगतो सिग्नल कसा आहे आणि टॉवर त्याप्रमाणे वरखाली करतो, पॅकेट चुकलं तर परत पाठवतो. इथे तसलं काही नाही, पलीकडून उत्तरच येत नाही. जत्रेतल्या नाटकाला माईकचा आवाज शेवटच्या रांगेतल्या आजीच्या हिशोबाने लावतात ना, तसं स्टँडखालच्या पायऱ्यांवर उभ्या असलेल्या फोनच्या हिशोबाने एमसीएस निवडायचा. व्हिडिओला १३ घेऊ, ५० रिसोर्स ब्लॉकला (१० मेगाहर्ट्झचे तेवढेच तुकडे असतात) एका सबफ्रेममधे ११,४४८ बिट्स मावतात. ऑडिओला ४ घेऊ, ३,६२४ बिट्स. चित्र अडकलं तरी आवाज जाता कामा नये असं माझं मत, म्हणून ऑडिओ जास्त दणकट.

हिशोब फ्रेमवर करू नका, पूर्ण पिरियडवर करा, तिथेच वेळ वाचतो. ३२ फ्रेमचा पिरियड धरा, म्हणजे ३२० मिलिसेकंद. व्हिडिओ ३.६ एमबीपीएस, त्यावर हरवलेली पॅकेट्स भरून काढायला १५ टक्के एफईसी, झाले ४.१४, म्हणजे ३२० मिलिसेकंदात १३,२४,८०० बिट्स, भागिले ११,४४८, वर गोल करून ११६ सबफ्रेम. ऑडिओ ९६ केबीपीएस (हेडर धरून), ३०,७२० बिट्स, ९ सबफ्रेम. शिवाय प्रत्येक पीएमसीएचची (ब्रॉडकास्टचा डेटा नेणारा चॅनल, इथे एक ऑडिओचा, एक व्हिडिओचा) पिरियडमधली पहिली सबफ्रेम सिग्नलिंगच्या एमसीएसने जाते, तो २ ठेवलाय, म्हणजे तिच्यात जेमतेम २,२१६ बिट्स. ती डेटात मोजूच नका, एकेक जास्तीची धरा. १० अधिक ११७, झाल्या १२७. फ्रेमला चार दिल्या तर ३२ फ्रेममधे १२८ मिळतात. एक शिल्लक, ती व्हिडिओला.

टाकायचं कुठे? एसआयबी-२ मधे (एसआयबी म्हणजे टॉवर सगळ्या फोनना सांगतो त्या सिस्टीम माहितीचे भाग) पिरियड एन-१, म्हणजे प्रत्येक फ्रेम, ऑफसेट ०, पॅटर्न ११०११०. हे सहा बिट म्हणजे क्रमाने सबफ्रेम १, २, ३, ६, ७, ८, तेव्हा आपण १, २, ६, ७ घेतल्या आणि ३ व ८ साध्या डेटाला सोडल्या. एसआयबी-१३ मधे एमसीसीएच (ब्रॉडकास्टच्या वाटपाची माहिती देणारा चॅनल) रिपीटेशन ३२ फ्रेम, ऑफसेट ०, बिटमॅप १०००००, सिग्नलिंग एमसीएस २. एमसीसीएचच्या आत कॉमन अलोकेशन पिरियड ३२ फ्रेम, शेड्यूलिंग पिरियड दोन्हींना ३२. ऑडिओचा पीएमसीएच आधी, त्याचा एसएफ-अलॉक-एंड (शेवटच्या सबफ्रेमचा नंबर) ९, मग व्हिडिओचा १२७. मोजणी शून्यापासून आहे, इथे एकाने कमी लिहिलंत तर ऑडिओची शेवटची सबफ्रेम व्हिडिओवाला घेऊन जातो आणि आवाज तुटत का राहतो ते संध्याकाळभर शोधत बसाल. एमसीसीएच आणि ऑडिओचा एमएसआय दोन्ही त्या पहिल्याच सबफ्रेममधे जातात, मेसेज छोटा असल्यामुळे मावतात. एमएसआय म्हणजे कुठला चॅनल कुठल्या सबफ्रेमला संपतो त्याची यादी, ती वाचली की फोन बाकीचा वेळ झोपू शकतो, बॅटरी वाचते. शेड्यूलिंग पिरियड लांबवला तर फोन जास्त झोपतो पण कॅमेरा बदलताना वाट बघावी लागते, मॅचला ३२० ठीक आहे.

एका टॉवरवर हे सगळं चालेल, पण मजा आणि डोकेदुखी सुरू होते ती आजूबाजूचे टॉवर जोडल्यावर. सगळ्यांनी तेच बिट्स त्याच सबफ्रेममधे पाठवले तरच सिग्नल एकमेकांत मिळून वाढतात. म्हणून घड्याळं जीपीएसवर, वाटप एकट्या एमसीईकडे (सगळ्या टॉवरसाठी सबफ्रेम ठरवणारा नियंत्रक), आणि सिंक प्रोटोकॉल प्रत्येक पॅकेटवर वेळेचा शिक्का मारून देतो. एखाद्या टॉवरकडे पॅकेट पोचलंच नाही तर त्याने त्या सबफ्रेममधे गप्प बसायचं, दुसरं काहीतरी भरून पाठवलं तर शेजाऱ्याचाही सिग्नल खराब. साध्या एक्स्टेंडेड सीपीत (उशिरा येणाऱ्या सिग्नलसाठी प्रत्येक सिम्बॉलच्या आधी राखलेला वेळ) १६.७ मायक्रोसेकंदांची सवलत आहे, म्हणजे अंतरातला फरक साधारण ५ किलोमीटर. मडगांव-फातोर्डा आरामात बसतं, पण पणजीचे टॉवर याच एरियात घालू नका, तिकडून उशिरा आलेला सिग्नल नुसता गोंगाट ठरतो, आणि पणजीकरांचा ४० टक्के डाऊनलोड वेळ फुकट अडकतो तो वेगळाच.

प्रेक्षक एकाच सेलमधे असतील तर एवढा खटाटोप करूच नका, एलटीई मानकाच्या रिलीज १३ चा एससी-पीटीएम (एकाच सेलपुरतं ब्रॉडकास्ट) वापरा, तो साध्याच चॅनलवर ग्रुपच्या नावाने पाठवतो आणि लागेल तेव्हाच जागा घेतो. ५जीत रिलीज १७ चा एमबीएस याच वळणाचा आहे, वर मल्टिकास्टमधे फोन "मिळालं नाही" असं कळवूही शकतो.

मॅच संपली की पॅटर्न काढायला विसरू नका, तो एसआयबी-२ मधे तसाच राहिला तर रिकाम्या मैदानासाठी चार सबफ्रेम अडून राहतात. ट्रान्समिशन मोड ९ वाले फोन त्या रिकाम्या सबफ्रेम साध्या डेटाला वापरू शकतात हे खरं, पण जुन्या फोनना तो फायदा नाही. आणि मॅचच्या आधी टेस्ट करताना हातातल्या फोनमधे ईएमबीएमएसचं मिडलवेअर (ब्रॉडकास्ट पकडून ॲपला देणारं सॉफ्टवेअर) आहे का ते पहिल्यांदा बघा, नसेल तर कॉन्फिग कितीही बरोबर असली तरी स्क्रीनवर काही येणार नाही.