जुन्या पोलरॉइडमध्ये फोटो अडकतोय? आधी पॅक बघा, मग कॅमेरा

बटण दाबलं, आतून घर्रर्र आवाज आला, आणि फोटो अर्ध्यावरच थांबला. किंवा आवाजसुद्धा नाही, नुसतीच शांतता. माळ्यावरून काढलेला किंवा चोरबाजारातून हौसेनं आणलेला पोलरॉइड, म्हणजे काढलेला फोटो लगेच बाहेर देणारा कॅमेरा, पहिल्याच दिवशी हा हिसका दाखवतो आणि आपण ताबडतोब स्क्रूड्रायव्हर शोधायला लागतो. तो परत खणात ठेवा. फोटो बाहेर न येण्याची कारणं बहुतेक वेळा पॅकमध्ये (फिल्मच्या चपट्या डबीत) किंवा फोटो बाहेर ढकलणाऱ्या रोलरवर असतात.

इथे मी 1972 साली आलेला घडीचा एसएक्स-70 आणि त्यानंतरचे 600 मालिकेचे प्लॅस्टिकचे डबा-कॅमेरे यांच्याबद्दल बोलतोय. दोन्हींची मेख एकच आहे: कॅमेऱ्यात स्वतःचा सेल नसतो. पॅकच्या तळाशी 6 व्होल्टची चपटी बॅटरी असते आणि मोटर, शटर, सगळं तिच्यावर चालतं. 600च्या अनेक मॉडेलांत फ्लॅशही त्याच बॅटरीवर चार्ज होतो.

काहीच हललं नाही तर

नवा पॅक घालून झाकण बंद केलं की वरचा काळा पुठ्ठा आपोआप बाहेर यायला हवा. तो आला नाही, तर आधी फिल्मच्या खोक्यावरचं नाव वाचा. ‘आय-टाइप’ लिहिलं असेल तर दोष कॅमेऱ्याचा नाही. त्या पॅकमध्ये बॅटरीच नसते, तो नव्या रिचार्जेबल कॅमेऱ्यांसाठी असतो. दिसायला हुबेहूब सारखा, आत बसतोही छान. मी स्वतः असा पॅक परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाकडून मागवला होता आणि संध्याकाळभर कॅमेऱ्याला शिव्या घातल्या होत्या. जुन्या कॅमेऱ्याला ‘एसएक्स-70’ किंवा ‘600’ असंच लिहिलेला पॅक लागतो. दोन्हींत बॅटरी असते, पण 600ची फिल्म उजेडाला बरीच जास्त संवेदनशील असल्यामुळे एकाचा पॅक दुसऱ्यात घालू नका.

नाव बरोबर असेल तर तारीख बघा. मूळ कंपनीनं 2008 मध्ये फिल्म बनवणं थांबवल्याचं जाहीर केलं. त्या काळातला सीलबंद पॅक कुणी विकत असेल, तर तो कपाटात शोभेला ठेवायचा. त्यातल्या बॅटरीत आता दम उरलेला नसतो.

तारीखही ठीक असेल तर पॅक बाहेर काढा. पुठ्ठा अजून वरच आहे, त्यामुळे फिल्मला धोका नाही. कॅमेऱ्याच्या आत तळाशी दोन पत्र्याच्या पट्ट्या दिसतील, त्या पॅकखालच्या बॅटरीला टेकतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्यांच्यावर मळ आणि गंज सहज चढतो. साध्या खोडरबरानं त्या घासा, भुगा फुंकून टाका. पट्ट्या दबून आडव्या झाल्या असतील तर नखानं किंचित वर उचला, अगदी केसभर.

फोटो अर्धा येऊन थांबला तर

आधी ओढू नका. रोलरमध्ये धरलेला फोटो खसकन ओढला की दाब गिअरवर येतो. झाकण उघडा, रोलर झाकणालाच लावलेले असल्यामुळे ते त्याच्याबरोबर खाली येतात आणि फोटो सरळ रेषेत हळूच सोडवता येतो. हे मंद उजेडात करा, कारण पॅकमधल्या वरच्या फोटोवर प्रकाश पडून तो खराब होऊ शकतो. अडकलेला फोटो मात्र गेलाच समजा. त्यातून पांढरट लगदा गळत असेल तर तो क्षारयुक्त, त्वचेला झोंबणारा असतो. हात लगेच भरपूर पाण्यानं धुवा आणि मुलांना लांब ठेवा.

आता रोलर बघा. फोटोच्या खालच्या रुंद पांढऱ्या पट्टीत रसायनाच्या पुड्या असतात. दोन रोलरमधून जाताना त्या फुटतात आणि लगदा सगळीकडे सारखा पसरतो. एखादा थेंब कडेनं सुटून रोलरवर वाळला की पुढचा फोटो तिथं अडखळतो. फोटोवर ठरावीक अंतरानं तोच डाग पुन्हा पुन्हा येत असेल तर रोलर घाण झालेत याची खूणगाठ बांधा.

जुन्या सुती साडीचं किंवा धोतराचं फडकं पाण्यात भिजवून घट्ट पिळा. एका हातानं रोलरच्या टोकाचा गिअर फिरवत दुसऱ्या हातानं पुसत जा. पूर्ण वेढा झाला पाहिजे, नुसता दिसणारा भाग नको. कोपऱ्यांना कापसाची काडी. चाकू, पिन, सॅंडपेपर यांपैकी काहीही लावायचं नाही. रोलरवर ओरखडा पडला की तो प्रत्येक फोटोत दिसतो. आणि तेल तर अजिबात नको. एका दुरुस्तीवाल्यानं माझ्या कॅमेऱ्याच्या रोलरवर प्रेमानं शिलाई मशीनचं तेल सोडलं होतं. ते पुसून काढायला मला दोन रविवार लागले. प्रत्येक पॅक बदलताना रोलर पुसायची सवय लावली तर निम्मी डोकेदुखी वाचते.

रोलर स्वच्छ असूनही फोटो थबकत असेल तर बॅटरी थकलेली असू शकते. थंडीत असं जास्त होतं. फ्रिजमधला पॅक बाहेर काढून तासभर खोलीत ठेवा, मग घाला. फ्लॅश असेल तर तयार असल्याचा दिवा लागेपर्यंत थांबा. कॅमेऱ्याला कुणी मागाहून काळी जीभ बसवली असेल, तर ती, म्हणजे बाहेर येणाऱ्या फोटोला उजेडापासून झाकणारी गुंडाळी, नीट मागे सरकते का हेही बघा. ती दुमडली तर तीच फोटोची वाट अडवते.

मोटर फिरते, फोटो येत नाही

आधी कॅमेऱ्यावरचा उरलेल्या फोटोंचा आकडा बघा. जुन्या पॅकमध्ये 10 फोटो असत, हल्लीच्यात 8 असतात. 10 पासून उलट मोजणाऱ्या कॅमेऱ्यात 2 दिसत असेल तर पॅक संपलाय, कॅमेरा बिचारा ठीक आहे.

तसं नसेल तर संशय आकडीवर. पॅकच्या मागच्या कडेला एक खाच असते. तिथून बारीक आकडी वरच्या फोटोला ढकलून रोलरच्या तोंडी देते. ती वाकली किंवा घसरली की मोटर रिकामीच फिरते. हे तपासायला चांगला फोटो वाया घालवू नका. संपलेला पॅक आणि काळा पुठ्ठा जपून ठेवा. पॅक संपला तरी बॅटरीत बऱ्याचदा जीव उरलेला असतो. पुठ्ठा रिकाम्या पॅकमध्ये सरकवा, पॅक कॅमेऱ्यात घाला, झाकण लावा. पुठ्ठा सफाईनं बाहेर आला तर आकडी, गिअर, रोलर सगळं शाबूत आहे. चार-पाचदा करून बघा. दरवेळी अडला तर बिघाड कॅमेऱ्यातच.

एसएक्स-70 मध्ये मध्येच वीज संपली तर आरसा वर अडकतो आणि डोळ्यापुढे अंधार होतो. अशा वेळी कॅमेरा जबरदस्तीनं मिटू नका. ताजा पॅक घातला की बहुधा तो अर्धवट राहिलेली फेरी स्वतःच पूर्ण करतो.

आकडी वाकलेली दिसली किंवा गिअर कटकट करत असेल तर इथे थांबा. फ्लॅशवाला डबा-कॅमेरा तर घरी उघडूच नका, त्यातल्या वीज साठवणाऱ्या कपॅसिटरचा झटका जबर बसतो. दुरुस्तीला देताना कॅमेऱ्यासोबत जिवंत बॅटरीचा रिकामा पॅक आणि काळा पुठ्ठा द्या, नाहीतर दुरुस्तीवाल्याला कॅमेरा सुरूच करता येणार नाही.