पांढरा रस्सा फुटू नये म्हणून

हे बघा, पांढऱ्या रश्श्याचा सगळा जीव अळणीत, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्यात असतोय, म्हणून अर्धा किलो मटण हाडासकट घ्या, आलं-लसूण अन् मीठ लावून शिजवा, पण हळद अजिबात नको, नाहीतर रस्सा पिवळा. 2 चमचे खसखस, 2 चमचे पांढरे तीळ, 8-10 काजू भिजवून मिक्सरला गंधासारखं बारीक वाटा. तुपात दालचिनी, लवंग, वेलदोडा, मिरी टाकून वाटण परता, लाल करायचं नाही हां, मग अळणी ओता, उकळली की गॅस बारीक करून नारळाचं दूध घाला आणि ढवळत रहा. परत खळाखळा उकळलं की फुटलंच, मी एकदा फोनवर बोलत बसले आणि पाव्हण्यांसमोर पाणी वेगळं, चोथा वेगळा. हिरवी मिरची चिरून एखादीच, तिखटाला तांबडा रस्सा आहेच की.