नीतिशास्त्र 1958 पासून मागे वाचत जा

तत्त्वज्ञानात एम.ए.ला आलेल्या मुलांना नीतिशास्त्र सहसा काळाच्या ओघाने शिकवतात. आधी ॲरिस्टॉटल, मग कान्ट, मग बेंथम आणि मिल. विसाव्या शतकाची पाळी येईपर्यंत सेमिस्टर संपत आलेलं असतं. मी उलटीकडून वाचलं आणि नव्यांना तेच सुचवते. आज वाद कशावर चाललाय हे आधी ठाऊक असलं, की जुन्या ग्रंथात काय शोधायचं ते कळतं.

सुरुवात एलिझाबेथ ॲन्सकोम यांच्यापासून करा. 1956 साली ऑक्सफर्डने हॅरी ट्रूमन यांना, म्हणजे जपानवर अणुबॉम्ब टाकायला लावणाऱ्या अमेरिकेच्या माजी अध्यक्षांना, मानद पदवी द्यायचं ठरवलं, तेव्हा तिथेच शिकवणाऱ्या ॲन्सकोम यांनी जाहीर विरोध केला. हिरोशिमा-नागासाकीमुळे युद्ध लवकर संपलं असेलही. पण एखादं उद्दिष्ट गाठण्यासाठी निरपराध माणसं ठरवून मारणं हा खूनच, असं त्यांचं म्हणणं. पदवी दिली गेलीच. 1958 मध्ये त्यांचा ‘मॉडर्न मॉरल फिलॉसॉफी’ हा निबंध आला. कृती बरी की वाईट हे तिच्या परिणामांवरूनच ठरतं, या मताला ‘परिणामवाद’ हे नाव याच निबंधातून रूढ झालं. एकोणिसाव्या शतकातल्या हेन्री सिज्विकनंतरचे इंग्रज नीतिज्ञ आपसात कितीही भांडोत, परिणामांचं पारडं पुरेसं जड झालं तर त्यांना कुठलीच कृती मुळातून निषिद्ध वाटत नाही, हा ॲन्सकोम यांचा आरोप. नैतिक बंधनाची आपली कल्पना ईश्वरी आज्ञेतून आली. आज्ञा देणाऱ्यावरचा विश्वास गेला, बंधनाची भाषा तेवढी उरली, हा दुसरा. म्हणून त्या बंधनाऐवजी सद्गुणांवर भर देणाऱ्या ॲरिस्टॉटलकडे वळतात. निबंध अवघड आहे, पहिल्या वाचनात निम्मा डोक्यावरून जातो. समासात फक्त एवढंच लिहीत जा: इथे बाई कुणाशी भांडतायत? तीच तुमची पुढची वाचनयादी. मग ॲरिस्टॉटलच्या ‘निकोमाखियन एथिक्स’चे पहिले दोन भाग काढा. सद्गुण सवयीने अंगी बाणतो, हे त्याचं म्हणणं आता कोरडं वाटणार नाही.

दुसऱ्या बाजूवर, म्हणजे परिणामांवरून कृती तोलणाऱ्यांवर, मात्र अन्याय करू नका. बेंथमच्या 1789 च्या ग्रंथातलं चौथं प्रकरण वाचा. सुख मोजायचे निकष तो देतो: तीव्रता, कालावधी, खात्री वगैरे. शेवटचा निकष म्हणजे ते किती जणांपर्यंत पोचतं. पीटर सिंगरच्या 1972 च्या निबंधाची मुळं इथे दिसतात. 1971 मध्ये पूर्व बंगालमध्ये माणसं अन्न, निवारा, औषधांवाचून मरत होती, तिथून तो सुरू होतो आणि विचारतो, अंतरामुळे आपली जबाबदारी कमी कशी होते? इतका थेट प्रश्न विचारणारा दुसरा निबंध मला माहीत नाही.

जॉन रॉल्सचा 1971 चा न्यायावरचा ग्रंथ सुरुवातीला अख्खा वाचू नका. उपयुक्ततावाद (एकूण सुख सर्वांत जास्त वाढवणारी कृती योग्य, हे बेंथम-मिलचं मत) माणसामाणसांतला फरक गंभीरपणे घेत नाही, हा त्याचा आक्षेप आणि त्यामागचा कान्टचा विचार (माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये), एवढं समजलं तरी पहिल्या वर्षाला पुरे.

मराठी वाचकाच्या हाताशी आणखी एक गोष्ट आहे. ‘गीतारहस्या’त टिळकांनी ‘आधिभौतिक सुखवाद’ या प्रकरणात हाच वाद घेतलाय. सुखाच्या बाहेरच्या बेरजेपेक्षा करणाऱ्याची बुद्धी, म्हणजे त्यामागचा हेतू, श्रेष्ठ, ही त्यांची बाजू, आणि ती मांडताना ते मिल आणि कान्ट यांना समोर ठेवतात. फक्त आधी मिलच्या ‘युटिलिटेरियनिझम’चं दुसरं प्रकरण नीट वाचून घ्या. आक्षेपांना मिलने स्वतः दिलेली उत्तरं तिथे आहेत, आणि ती माहीत असल्याशिवाय टिळकांचं म्हणणं पटतं की नाही हे ठरवता येत नाही.