व्हिज्युअल नॉव्हेल पाश्चात्य गेमरच्या गळी कशी उतरवावी

"पाश्चात्य गेमर वाचत नाहीत, मजकूर कमी करा, मध्येमध्ये मिनी-गेम टाका." हा सल्ला देणाऱ्याने स्वतः एकही व्हिज्युअल नॉव्हेल (चित्रांसोबत संवाद क्लिक करत वाचायचे आणि मध्येमध्ये पर्याय निवडायचे, असा गेम) विकलेली नसते. २०१९ साली आलेल्या 'डिस्को एलिसियम' या गेममध्ये शब्दांचा डोंगर होता आणि लोकांनी तो आवडीने उपसला. वाचायला ही मंडळी तयार आहेत. कशासाठी वाचायचं हे वेळेवर कळलं नाही, की मात्र उठून जातात आणि जाताना पैसे परत मागतात. कथा आणि चित्रं तुमच्याकडे तयार आहेत आणि विक्री स्टीमवर, म्हणजे पीसी गेमच्या ऑनलाइन दुकानात करायची आहे, असं धरून पुढचं लिहितो.

१. इंजिन, म्हणजे गेम ज्यावर बांधायचा ते सॉफ्टवेअर. रेनपाय घ्या. फुकट आहे, २००४ पासून चालू आहे, मागे जाणं, वगळणं, जुने संवाद पुन्हा वाचणं हे सगळं आयतं मिळतं. पुढे चला.

२. इंग्रजी. ज्याची ती घरची भाषा आहे अशा संपादकाकडून मजकूर तपासून घ्या. पैसे वाचवायचेच असतील तर संवादांच्या आवाजांवर वाचवा, इथे नको. आणि उगाच जपानी शाळा उभी करू नका. 'व्हीए-११ हॉल-ए' व्हेनेझुएलाच्या लोकांनी केली, 'कॉफी टॉक' इंडोनेशियाच्या. दोन्ही चालल्या आणि दोन्हींत वर्गातल्या खिडकीशेजारचं ते ठरलेलं बाक नाही. तुमची कथा डोंबिवलीतली असेल तर डोंबिवलीतच राहू द्या.

३. सुरुवात. खरी मेख इथे आहे. स्टीमवर विकत घेतलेला गेम १४ दिवसांच्या आत, दोन तासांहून कमी खेळला असेल तर परत करता येतो. कथा कितीही थोर असो, तिचा निकाल या दोन तासांत लागतो. आणि जपानी पठडीतली सुरुवात नेमकी तेवढाच वेळ आळोखेपिळोखे देत असते. गजर वाजतो, नायक उठतो, शेजारची मुलगी हाक मारते, शाळेची वाट, मग वर्गातल्या एकेकाची ओळख.

यावर कोणीतरी 'स्टाइन्स;गेट' या गाजलेल्या जपानी नॉव्हेलचं नाव काढतंच. ती सावकाश सुरू होते, कबूल. पण तिचा अ‍ॅनिमे, म्हणजे जपानी अ‍ॅनिमेशन मालिका, आला २०११ मध्ये आणि पीसीवरची इंग्रजी आवृत्ती २०१४ मध्ये. तशाच 'क्लॅनाड'चा अ‍ॅनिमे २००७ चा, स्टीमवर इंग्रजीत ती आली २०१५ मध्ये. पुढे काय वाढून ठेवलंय हे ठाऊक असलेले कितीतरी लोक या दोन्ही विकत घ्यायला बसलेलेच होते. तुमच्यामागे अ‍ॅनिमे नाही.

त्यापेक्षा 'कातावा शोउजो' उघडून बघा. २०१२ ची, हौशी लोकांनी रेनपायमध्ये केलेली, फुकट. पहिल्याच प्रसंगात बर्फात उभी राहून मुलगी प्रेमाची कबुली देते आणि नायकाला हृदयविकाराचा झटका येतो. शाळा त्यानंतर. २०२३ ची कॅनडातली 'स्ले द प्रिन्सेस' तर थेट सांगते: रानातली वाट, टोकाला झोपडी, तिच्या तळघरात राजकन्या, तिला मारायला तू आला आहेस. लगेच पर्याय समोर. २०१७ ची 'डोकी डोकी लिटरेचर क्लब' गोड गोड शाळकरी प्रसंगांत रमते खरी, पण लहान मुलांनी आणि लवकर अस्वस्थ होणाऱ्यांनी खेळू नये अशी पाटी सुरुवातीलाच लावते. त्या पाटीमुळे प्रत्येक गोड वाक्य संशयाने वाचलं जातं. संथ जायचं असेल तर जा, पण वचन आधी द्या.

म्हणून गजरापासून शाळेच्या फाटकापर्यंतचं सगळं उडवा. लेखक भांडतील, मीही या कापाकापीवरून पुष्कळ भांडणं झेलली आहेत. तोडगा असा, की कापलेलं फेकायचं नाही, तिसऱ्या-चौथ्या प्रकरणात टाकायचं. तोवर ती शेजारची मुलगी ओळखीची झालेली असते आणि तीच शाळेची वाट लोक मिटक्या मारत वाचतात. पहिला पर्याय दहा मिनिटांच्या आत आलाच पाहिजे, आणि त्याचा परिणाम पुढच्या चार ओळींत दिसला पाहिजे. "चहा की कॉफी?" हा पर्याय नव्हे.

मग एकेक क्लिक तपासा. "दार उघडलं. खोली रिकामी होती, पण कपातून वाफ येत होती." हे एकाच चौकटीत टाकलंत तर डोळा वाफेवर आधी पोचतो आणि क्लिकला कामच उरत नाही. "दार उघडलं." क्लिक. "खोली रिकामी." क्लिक. "कपातून वाफ." मजकूर जवळपास तोच, पण आता बोट पुढे जायला शिवशिवतं. मात्र हे प्रत्येक ओळीला करू नका, वाचणारा वैतागतो.

शेवटी, हा प्रकार कधीच न खेळलेला माणूस शेजारी बसवा. सेटिंगमध्ये न वाचलेला मजकूरही वगळण्याची मुभा आधी चालू करा, नाहीतर ही चाचणी व्यर्थ. तोंडाने तो "छान आहे" म्हणणारच. तुम्ही त्याची करंगळी बघा. ती ज्या ओळीला मजकूर वगळणाऱ्या कंट्रोलच्या बटणाकडे सरकते, ती ओळ लिहून घ्या. कात्री तिथे.

४. स्टीमचं पान. 'व्हिज्युअल नॉव्हेल' हा टॅग लपवू नका. लपवून आणलेला ग्राहक वाईट अभिप्राय लिहून जातो. सुरुवातीच्या स्क्रीनशॉटपैकी एकात तरी पर्यायांची यादी दिसू द्या. नुसत्या देखण्या चेहऱ्यांवरून गेम कशाबद्दल आहे ते कळत नाही. लैंगिक प्रसंग असतील तर स्टीमचा अर्ज भरताना स्पष्ट सांगा. २०१८ च्या मे महिन्यात अशा काही गेमना काढून टाकण्याच्या नोटिसा गेल्या होत्या, नंतर त्या मागे घेतल्या गेल्या. लपवाछपवी महागात पडते.

५. डेमो. तिसऱ्या पायरीतला पहिला तासच डेमो म्हणून द्या. नेक्स्ट फेस्ट या स्टीमच्या डेमो-महोत्सवात एका गेमला एकदाच जाता येतं, तेव्हा कच्चा माल घेऊन जाऊ नका.

६. प्रकाशन. स्टीमचं शुल्क १०० डॉलर. ते भरल्यावर ३० दिवस थांबावं लागतं, आणि 'लवकरच येत आहे' असं पान किमान दोन आठवडे आधी लागलेलं हवं. मी म्हणेन सहा महिने. दहा अभिप्राय होईपर्यंत पानावर गुणांकन दिसत नाही, म्हणून डेमो खेळलेल्यांना पहिल्याच दिवशी कळवा. आणि तुमची नॉव्हेल दोन तासांच्या आत संपत असेल, तर पूर्ण वाचूनही ती परत करता येते. तेव्हा किंमत अशी ठेवा की परत करण्याचा कोणाला कंटाळा यावा, नाहीतर इच.आयओ या छोट्या गेमच्या संकेतस्थळावर ऐच्छिक किमतीला द्या.