साबुदाण्याच्या खिचडीपासून सुरुवात: पाचवी ते आठवीच्या वर्गात जागतिक नागरिकत्व कसे शिकवावे

जागतिक नागरिकत्व ही संकल्पना संयुक्त राष्ट्रांनी २०१५ साली स्वीकारलेल्या शाश्वत विकासाच्या १७ ध्येयांपैकी चौथ्या, म्हणजे शिक्षणविषयक ध्येयात आहे आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही आहे, त्यामुळे शिक्षकांच्या प्रशिक्षणात ती आता वरचेवर ऐकू येते. वर्गापर्यंत येताना मात्र तिचे बहुधा एका दिवसाच्या कार्यक्रमात रूपांतर होते. भिंतीवर झेंडे लागतात, दोन मुले किमोनो घालून येतात आणि परिपाठात एक भाषण होते. असा दिवस मीही साजरा केला आहे. दुसऱ्या दिवशी जपानविषयी काय कळले असे विचारले, तेव्हा ‘तिथे सगळे कागदी पंखा घेऊन फिरतात’ असे उत्तर मिळाले, आणि त्यात मुलांची काहीच चूक नव्हती.

जग कुठेतरी लांब आहे आणि आपण त्याला पाहुण्यासारखे भेटायला जायचे आहे, ही समजूत अशा दिवसांमुळे अधिकच घट्ट होते. म्हणून येथे सुचवलेला प्रकल्प मुलांच्या ताटापासून सुरू होतो. तो आठवड्याला दोन तासिका धरून साधारण सहा आठवडे चालतो आणि परिसर अभ्यास किंवा भूगोल, मराठी व कार्यानुभव या विषयांच्या तासिकांत बसवता येतो. जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात आणि पाठोपाठ आषाढी एकादशी येते. सुरुवात करायला याहून सोयीचा काळ वर्षभरात दुसरा नाही.

पहिल्या तासिकेत फळ्यावर ‘साबुदाण्याची खिचडी’ एवढेच लिहावे आणि तिच्यात काय काय पडते ते मुलांकडून काढून घ्यावे. साबुदाणा, शेंगदाण्याचे कूट, हिरवी मिरची, बटाटा, जिरे, तूप, मीठ अशी यादी होईल, आणि कोथिंबीर उपवासाला चालते की नाही यावर वर्गात दोन तट पडतील. तो वाद थोडा वेळ चालू द्यावा, कारण एकाच पेठेतल्या दोन घरांच्या रीती वेगळ्या असतात हे मुलांना तेथेच कळते. मग यांतील मूळची आपल्या देशातली पिके कोणती, असे विचारावे. प्रत्येकाने आपला अंदाज वहीत लिहावा, हात वर करायला सांगून मते मोजावीत आणि आकडे फळ्याच्या कोपऱ्यात तसेच ठेवावेत. त्या दिवशी उत्तर सांगू नये. अनुभवी शिक्षकालाच हे सर्वांत जड जाते, कारण उत्तर ठाऊक असताना गप्प बसण्याची सवय आपल्याला कोणी लावलेली नसते.

दुसऱ्या तासिकेत नकाशासंग्रह आणि ग्रंथालयातील पुस्तके घेऊन गटांनी शोध घ्यावा. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो टॅपिओका, तसेच शेंगदाणा ही दोन्ही पिके दक्षिण अमेरिकेतली; मिरची मेक्सिको आणि त्याच्या दक्षिणेकडच्या प्रदेशातली; बटाटा अँडीज पर्वतातला. जिरे पश्चिम आशिया आणि भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्याकडचे. कोलंबस १४९२ मध्ये अटलांटिक ओलांडून गेला, पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला, आणि त्यानंतरच्या व्यापारातून ही अमेरिकी पिके हळूहळू आपल्याकडे रुजली. ‘बटाटा’ हा शब्दच पोर्तुगीज आहे. पाव, चावी, पगार आणि घमेलेही त्याच वाटेने मराठीत आले. एवढे हाती लागले की मुले शिक्षकांच्या आधी पुढचा प्रश्न विचारतात: मग त्यापूर्वी उपवासाला काय खात होते आणि तिखट कशाने करत होते? याचेही उत्तर लगेच देऊ नये. मुलांनी घरी आजीला विचारावे. मिरे, पिंपळी, वरई, शिंगाडा अशी नावे येतील. कोणी राजगिरा आणि रताळे आणले, तर त्यांचेही मूळ शोधायला लावावे, म्हणजे आणखी दोन अमेरिकी पाहुणे सापडतील.

येथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली म्हणजे, या तासिकेला उपवासाची थट्टा करण्याचे रूप येऊ देऊ नये; परकी पिके आपल्या स्वयंपाकघराने इतकी आपलीशी केली की ती व्रतालाही चालू लागली, याचे नवल मुलांना वाटले पाहिजे. दुसरी अधिक नाजूक आहे. पुण्यातल्या बहुतेक वर्गांत कर्नाटकातून, बिहारमधून किंवा नेपाळमधून आलेल्या कुटुंबांची मुले असतात आणि सगळ्यांच्या घरी एकादशी नसते. त्यांना आपल्या घरचा कोणताही पदार्थ निवडू द्यावा, पण ‘तुमच्याकडे काय करतात ते सांग बरं’ म्हणून एकाच मुलाला उभे करू नये. ज्याला सांगायचे असेल तो सांगेल, आणि गटात सांगणे उभे राहून सांगण्यापेक्षा सोपे जाते.

तिसऱ्या आठवड्यात महात्मा फुले मंडईला भेट द्यावी. एकोणिसाव्या शतकातील ती दगडी वास्तू बघण्यासारखी आहेच, पण आपला हेतू तेथील माणसांशी बोलण्याचा असावा. विक्रेत्यांना सवड असेल अशी वेळ आधी जाऊन विचारून ठेवावी. चौघांच्या गटात एकाने विचारावे, एकाने लिहावे, एकाने चित्र काढावे आणि चौथ्याने नुसते ऐकावे. या चौथ्याच्या आठवणीत बाकीच्यांच्या वहीत नसलेले काही ना काही असते. घरच्या साबुदाण्याच्या पाकिटावरचा पत्ताही वाचून आणायला सांगावा. तमिळनाडूतले सेलम हे या उद्योगाचे मोठे केंद्र असल्याने अनेक पाकिटांवर तेच नाव निघते, आणि कंद उपटणारे, पीठ निवळणारे, दाणे भाजणारे हात कोणाचे, हा प्रश्न नकाशावर येतो.

आता सर्जनशीलतेकडे. भित्तिपत्रक काढा असे सांगितले की पृथ्वीभोवती हात धरून उभी असलेली मुले हमखास उमटतात, कारण ते चित्र सगळ्यांनी आधी पाहिलेले असते. शेंगदाण्याचे मनोगत लिहा म्हटले, तर गाईडमधल्या आत्मकथनाचा साचा अवतरतो आणि शेंगदाणा पहिल्याच ओळीत रडू लागतो. मोकळीक दिली की कल्पकता आपोआप येते, हा समज मला अनुभवाने सोडावा लागला. मुलांना नेमकी अट घातली की ती खरी कामाला लागतात. मी तीन अटी घालतो. लेखनात किंवा चित्रात शोधून पडताळलेल्या किमान तीन गोष्टी हव्यात. मंडईत किंवा घरी प्रत्यक्ष ऐकलेले एक वाक्य जसेच्या तसे हवे. आणि वर्गात दुसऱ्या कोणी निवडलेली मांडणी घ्यायची नाही. भारूड, पोवाडा, ओव्या, गालिच्याएवढा नकाशा, दोन पात्रांचा संवाद, मिरचीने मिऱ्याला लिहिलेले पत्र, काहीही चालावे. पहिला खर्डा गटात वाचून दाखवावा आणि ऐकणाऱ्यांनी ‘छान आहे’ न म्हणता एक प्रश्न विचारावा. खर्ड्यावर शिक्षकांनी लाल पेन चालवू नये, शुद्धलेखन शेवटच्या प्रतीत पाहावे.

पाचवा आठवडा नदीला द्यावा. वस्तू आपल्यापर्यंत येतात तशा आपल्याकडून जातातही, हे मुठेइतके स्पष्ट कशातूनच दिसत नाही. खडकवासल्याहून आलेली मुठा संगमावर मुळेला मिळते, ती पुढे भीमेला, भीमेवर उजनी धरण, त्याचे पाणी सोलापूर शहर पिते. खाली पंढरपूर, मग कर्नाटकात जाऊन कृष्णा आणि अखेर बंगालचा उपसागर. मुलांनी ही वाट एका लांब कागदी पट्टीवर काढावी आणि आपल्या घरच्या मोरीतून जाणारी एखादी गोष्ट त्या पट्टीवर कुठपर्यंत पोहोचेल ते लिहावे. काही आठवड्यांपूर्वी पालखीतल्या ज्या वारकऱ्यांना पाणी दिले त्यांच्या चंद्रभागेत आपलेच सांडपाणी जाते, हे एका मुलीने पट्टी काढताना मोठ्याने म्हटले, आणि त्यानंतर मला त्या तासिकेत फारसे बोलावे लागले नाही.

परदेशी शाळेशी पत्रव्यवहार जमला तर उत्तमच, पण तो मुलांकडे सांगण्यासारखे काही तयार झाल्यावर सुरू करावा. सिंहगड रस्त्यावरचे पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, म्हणजे पु. ल. देशपांडे उद्यान, जपानमधील ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेले आहे. किमोनोच्या दिवसाऐवजी तेथे तासभर बसून पाणी आणि दगड कसे मांडले आहेत त्याचे रेखाटन करणे अधिक उपयोगाचे.

गुण द्यायचे झाल्यास हे काम आकारिक, म्हणजे वर्षभर शिकताना चालणाऱ्या मूल्यमापनात धरता येते. सुबक हस्ताक्षर आणि महागडा चार्ट पेपर यांना गुण नसल्याचे पालकसभेत आधीच सांगावे, नाहीतर अर्धे प्रकल्प पालकच करतात. मुलाचा पहिल्या दिवशीचा अंदाज आणि शेवटचे काम शेजारी ठेवून, त्याने मत कुठे बदलले आणि कशामुळे, एवढे बघितले तरी पुरे.

सगळे साहित्य एकत्र बांधून वर्गाचे हस्तलिखित करावे आणि ते ग्रंथालयात ठेवावे. शेवटची पाने कोरी सोडून त्यांवर यंदा उत्तर न मिळालेले प्रश्न लिहावेत. पुढच्या जूनमध्ये येणाऱ्या वर्गाला सुरुवात तेथूनच करता येते.